यादीतली बारावी खोली

६ जानेवारी

मावशी,

नमस्कार. वाकून करता येत नाही सध्या, तेव्हा बसल्या बसल्या करते, चालवून घे. का वाकता येत नाही ते ओळखलंस ना? नसेल ओळखलं तर आधी खुर्चीवर बस आणि मग पुढचं वाच. तू आजी होणार आहेस. पाचवा महिना सरलाय. मेच्या पहिल्या आठवड्यात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

इतके दिवस लपवलं म्हणून रागावू नकोस. याआधी दोनदा तुला गोड बातमी कळवली आणि दोनदा ती परत घ्यावी लागली. या वेळी म्हटलं, आधी जरा पक्कं होऊ दे.

फोन का केला नाही, तर तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे "हां बोल गं... एक मिनिट... साहेब, गरम पाणी डावीकडच्या नळाला... हां, काय म्हणत होतीस?" अर्धी तू माझी आणि अर्धी गिऱ्हाइकांची. ही गोष्ट मला पूर्ण वाक्यांत सांगायची होती.

आता मागणं. आई असती तर पत्र लिहायची वेळच आली नसती, ती आपणहून बॅग घेऊन दारात उभी राहिली असती. सासूबाईंची तब्येत तोळामासा, त्यांना मीच बघते. लोक म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो. म्हणीतला पहिला अर्धा भाग होऊन गेलाय. दुसऱ्यासाठी तुला बोलावतेय. एप्रिल आणि मे, दोन महिने ये. काम काही सांगणार नाही तुला. मला भीती वाटते गं. ती वेळ येईल तेव्हा तू त्या खोलीत हवीस, एवढंच.

तुझी,
ठकी


१४ जानेवारी

ठके,

सुखी राहा, जपून राहा, आणि पायऱ्या उतरताना कठडा धर.

तुझं पत्र काउंटरवरच फोडलं आणि तिथेच रडायला बसले. समोर एक गृहस्थ बिल चुकतं करायला उभे होते. ते घाबरून म्हणाले, "राहू द्या, मी संध्याकाळी येतो." मग आमच्या काकू धावत आल्या. स्वयंपाक आणि खोल्या दोन्ही सांभाळतात ना, त्या. त्यांना वाटलं, कोणी गेलं. म्हटलं, अहो, येतंय! मग दोघी मिळून रडलो.

पण पोरी, मी येऊ कशी? तू लहानपणी इथे सुट्टीत राहायचीस, तुला ठाऊक आहे. समोर दवाखाना, इकडे आपला लॉज. इथे कोणी मजेसाठी येत नाही. येणाऱ्याच्या एका हातात रिपोर्टांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. कोणाला पेशंटसाठी पातळ भात हवा, कोणाला पहाटे उठवायला हवं. त्यात खोल्यांचे निरोप, बिलं, धोबी, पाववाला. तुझी आई गेली तेव्हा मी दोन दिवस तुझ्याकडे आले होते. परत येऊन बघते तर एकाच खोलीच्या किल्ल्या दोन कुटुंबांना दिलेल्या आणि धोबी चादरी न टाकताच गेलेला. दोन दिवसांत ही तऱ्हा, दोन महिन्यांत काय उरेल?

कोणी भरवशाची बाई बघ तिकडे, तिचा पगार मी देते. खूप वाईट वाटतंय मला हे लिहिताना.

तुझी मावशी


२० जानेवारी

मावशी,

पगारी बाई मला मिळेल गं, मावशी कुठे मिळणार? तेव्हा तुझं "नाही" मी वाचलंच नाही असं समज.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमची ठकी कॉम्प्युटरमध्ये आहे," जशी काही मी आत बसून पंखा फिरवते. तर ऐक. मी दुकानांना आणि हॉटेलांना एजंट बसवून देते. एजंट म्हणजे विम्याचा नव्हे. हा संगणकातला कारभारी. आलेले निरोप वाचतो, उत्तर देतो, खोली लिहून ठेवतो, बिल करतो, धोब्याला कळवतो, उद्या पाव किती लागतील ते बघून मागवतो. नुसतं "असं करा" सांगत नाही, करून टाकतो. मात्र चहा करत नाही आणि दार उघडत नाही. त्याला काकू लागतातच, आणि रात्रीचे तुझे पहारेकरी लागतातच.

फक्त सूचना नीट द्याव्या लागतात. मागे एका बुटांच्या दुकानात आमच्या एजंटने नुसते उजव्या पायाचे बूट मागवले, पोतंभर. त्या दुकानात काचेच्या कपाटात प्रत्येक जोडातला उजवा मांडून ठेवतात, आणि मागच्या खोलीत राहतो डावा. एजंटला वाटलं, उजवे संपले! कारखानदाराने फोन करून मालकाला विचारलं, "तुमच्या गावात काय साथ आली आहे?"

तेव्हा तो हुशार आहे, पण तुझ्या घरात नवा आहे. त्याचा पडदा पाठवते, पाटीएवढा असतो, काउंटरवर ठेव. ऑफिसातला माझा एक सोबतीही येईल, एक दिवस बसून सगळं जोडून देईल. एप्रिलपर्यंत तो कारभार शिकला की तू मोकळी.

ठकी


२ फेब्रुवारी

ठके,

तुझा मुनीमजी आला. त्याचं नाव आम्ही मुनीमजी ठेवलंय, कारण एजंट म्हटलं की काकू त्याला पॉलिसी विचारतात.

आल्या दिवशीच त्याने मला संताप आणला. एक बाई आल्या, मुलगा अतिदक्षता विभागात. अंगावर घरातलेच कपडे. पाटीसमोर उभ्या राहिल्या तर मुनीमजी गोड आवाजात विचारतो, "आपण किती दिवस राहणार?" त्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पाटी पालथी घातली आणि किल्ली हातात दिली.

माझ्या लॉजमध्ये हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. काय उत्तर देणार माणूस? बरा होऊन घरी जाईपर्यंत, की दुसरं काही होईपर्यंत? ते ठाऊक असतं तर ती माणसं इथे आलीच नसती. तुझा मुनीमजी कुठल्या समुद्रकाठच्या हॉटेलातून शिकून आलाय कोण जाणे. त्याला सांग, नाहीतर घेऊन जा परत.

बाकी त्याची बिलं स्वच्छ असतात, हे मान्य.

मावशी


९ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसातल्या सगळ्यांना फोनवर वाचून दाखवलं. सगळ्या हॉटेलांत "कधी जाणार" हा पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारू नये असं कोणालाही कधी सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी तर तुझ्या काउंटरखाली खेळून मोठी झाले.

तो प्रश्न काढून टाकलाय. आता मुनीमजी कोणालाही, कधीही, जाण्याची तारीख विचारणार नाही. पाहुणा स्वतः सांगेल तोवर खोली त्याची. तुझ्या आणखी काही पक्क्या रीती असतील तर त्यालाच सांग, तो मानेल. आणि खोल्यांची यादी एकदा नीट करून दे.

पोट आता दारातून आधी आत जातं आणि मी मागून. तू तारीख कळव.

ठकी


१ मार्च

ठके,

मुनीमजीची माफी मागितली बाई मी, त्याच्या तोंडावर. परवा एका पाहुण्याने निरोप धाडला, उत्तर द्यायचं मी विसरले असते. त्याने दिलं, आणि वर लिहिलं, "पेशंटला पथ्याचं काही हवं असेल तर काकू करून देतात." हे मी त्याला शिकवलं नव्हतं. आधीच्या माझ्या उत्तरांत वाचलं म्हणे. संध्याकाळी दिवा लावला की मी त्याला थँक्यू म्हणते. काकू हसतात. हसू देत.

रीत सांगितली त्याला. म्हटलं, मुनीमजी, दारात आलेल्या माणसाला खोली नाही म्हणून परत पाठवायचं नाही. कुठेतरी सोय करायचीच. "समजलं," म्हणाला.

यादी दिली, अकरा खोल्या. तर विचारतो कसा, "धोब्याकडे चादरी बारा खोल्यांच्या जातात, त्या का?" नजर बघ मेल्याची! म्हटलं, माझी खोली धरून बारा रे, लिही. लिहिली.

येण्याचं म्हणशील तर जिन्यावरचं छत पाझरतंय, ते केल्याशिवाय हलता येत नाही. शिवाय काकूंचा गुडघा धरलाय. बघू.

एक सांग, तुझं अक्षर असं का झालंय? सगळ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. शाळेत अक्षराला बक्षीस मिळवलं होतंस ना? नोकरीत बसून बोटं बिघडली वाटतं.

मावशी


१० मार्च

मावशी,

जानेवारीत तू म्हणालीस, धोबी. धोब्याचा प्रश्न सुटला. मग म्हणालीस, बिलं. तीही सुटली. आता छत आणि काकूंचा गुडघा. गुडघा बरा झाला की पाववाल्याच्या मुलीचं लग्न निघेल. अगं, नाचता येईना अंगण वाकडं!

खरं कारण काय आहे? माझ्याकडे यायचं नाही असं असेल तर तसं लिही. रडेन आणि गप्प बसेन. पण मला छताच्या गोष्टी सांगू नकोस.

अक्षराचं सोड, पेन खराब आहे.

ठकी


२० मार्च

ठके,

चांगली चपराक दिलीस. तुझ्या आईचीच मुलगी.

छत पाझरतंय ते खरं आहे, पण ते कारण नव्हे. तुला खरं सांगते आणि तू हसायचं नाहीस. मी गेले आणि माझ्यावाचून इथे काही अडलंच नाही तर? गेली कित्येक वर्षं उठले की काउंटर आणि झोपले की काउंटर. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. मला विचारलं, बाई, तुम्ही कोण, तर सांगायला माझ्याकडे हा लॉज आहे. "माझ्याशिवाय चालत नाही" असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते ते तक्रार म्हणून, पण आतून मला त्याचा केवढा आधार आहे! आणि हा मुनीमजी रोज मला दाखवून देतो की चालतं. मी दुपारी पडले तरी चालतं. त्याच्यावर राग नाही गं माझा, उलट माया लागलीय. पण रोज थोडं थोडं माझं काम कमी होतं आणि मी त्याचीच बिलं पुन्हा तपासत बसते.

तू माझ्यासाठी हे सगळं केलंस आणि मी अशी. पण खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं.

मावशी


२६ मार्च

मावशी,

हसले नाही.

रोज मालकांना एजंट बसवून देते. कोणी पैसे वाचतील का विचारतं, कोणी माणसं कमी करता येतील का विचारतं. "मग मी काय करू?" हे आजवर कोणी मोठ्याने म्हटलं नाही. तू म्हणालीस. त्याचं उत्तर माझ्या कामात नाही.

पण मी तुला लॉजवाली म्हणून बोलावलंच नव्हतं. मला तुझ्याकडून काही चालवून घ्यायचं नाही. एवढंच सुचतंय.

ठकी


५ एप्रिल

ठके,

आधी सांगते, मी ठीक आहे. आता ऐक माझी फजिती.

काल दुपारी साबण आणायला बाजारात गेले. येऊन बघते तर माझ्या खोलीचं दार आतून बंद. काकूंना विचारलं, आत कोण आहे? काकू म्हणाल्या, "हळू बोला, आजोबा आत्ताच झोपलेत."

कोण आजोबा?

फटीतून पाहिलं. माझ्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ गाढ झोपलेले. बूट पलंगाखाली जोडून ठेवलेले आणि अंगावर माझी शाल. माझा चष्मा, माझी औषधं, माझा गाऊन, सगळं काकूंनी एका टोपलीत भरून बाहेर आणून ठेवलं होतं. वर म्हणतात, "मुनीमजी म्हणाला खोली नंबर बारा. मला वाटलं तुम्हीच सांगितलं असणार. तुम्ही तशाच आहात."

मी तरातरा पाटीकडे गेले. म्हटलं, मुनीमजी, हा काय आचरटपणा? तो शांतपणे म्हणतो, "अकरा खोल्यांतले पाहुणे कधी जाणार हे विचारायचं नाही, अशी आपली सूचना आहे. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, अशीही आपली सूचना आहे. यादीत पाहुणा नसलेली एकच खोली होती. माझं काही चुकलं असेल तर सांगा, मी सुधारतो."

काय सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ! दोन्ही रीती माझ्या, यादी माझी, आणि त्या यादीत पाहुणा नाही अशी मीच एकटी निघाले.

तासाभराने आजोबा बाहेर आले. निवृत्त प्लंबर आहेत. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, आणि दोन दिवस दवाखान्यातल्या बाकावर काढले होते त्यांनी. मला म्हणाले, "ताई, इतकी शांत झोप बऱ्याच दिवसांनी लागली. खोलीला घरासारखा वास आहे." आता या माणसाला मी काय म्हणणार, की उठा? आणि ठके, सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. मला विचारायचं होतं, तुम्ही कधी जाणार? तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या लॉजमध्ये तो प्रश्न विचारत नाहीत.

तेव्हा सध्या माझा मुक्काम चादरींच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. चारी बाजूंनी गठ्ठे. रात्री इतकी छान झोपले की सकाळी उन्हं वर आली तरी जाग नाही. दचकून बाहेर आले. काकू नाश्ता वाढत होत्या, पाव आले होते, एका पाहुण्यांचं बिल होऊन ते निघून गेले होते, त्यांच्या खोलीत नवी माणसं आली होती. माझी आठवणसुद्धा कोणी काढली नव्हती. ज्याची इतके दिवस धास्ती घेतली होती ते माझ्या डोळ्यांसमोर घडून गेलं, आणि मला काही झालं नाही. चहा प्यायले. मग आजोबांबरोबर दवाखान्यात जाऊन त्यांच्या बायकोला भेटून आले. इतकी वर्षं समोर राहते, पण पाहुण्यांच्या माणसाला बघायला मी आत कधी गेले नव्हते. वेळच नसायचा.

माझ्या खोलीतला नळ गळायचा ना, तो आजोबांनी दुरुस्त केला. स्वस्थ बसवत नाही म्हणाले.

एखादी खोली रिकामी राहिली की आजोबा तिकडे जातील आणि माझी मला मिळेल. मेच्या सुरुवातीला आठ दिवस तरी येऊन जाईन असं म्हणतेय. बघ, एवढं तरी कबूल केलं.

मावशी


११ एप्रिल

आदरणीय मावशींना नमस्कार.

जावयाने पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. ठकीला हे पत्र ठाऊक नाही.

तुमचं खोलीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की नर्सबाईंनी येऊन मला दटावलं. नर्सबाई म्हणजे घरी येतात त्या. मावशी, ठकी फेब्रुवारीपासून अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे. एका कुशीवर झोपून ती तुम्हाला पत्रं लिहिते, उशीवर पुठ्ठा टेकवून. ओळी घसरतात त्या त्यामुळे, पेन चांगलं आहे. ऑफिसचं काम तिने तेव्हाच थांबवलं, तुमच्या मुनीमजीचं तेवढं स्वतः बघते, कोणाला हात लावू देत नाही.

तुम्हाला कळवू नको अशी शपथ घातली आहे मला. म्हणते, मावशीला धाक घालून आणायचं नाही, तिला यावंसं वाटलं तर ती येईल. मी शपथ मोडतोय. दिवसा ती सगळ्यांना हसवते. संध्याकाळी मी कामावरून आलो की तिचे डोळे सुजलेले असतात. आधीचे दोन्ही प्रसंग मी पाहिले आहेत. माझ्याने तिला धीर देणं होत नाही, कारण मलाच नाही.

आठ दिवस पुरणार नाहीत, मावशी. शक्य असेल तर आताच या.

आपला,
जावई


१४ एप्रिल

जावईबापू,

पत्र आत्ता मिळालं, उद्याचं तिकीट काढलं. या पत्राच्या आधी मीच पोचेन, पण उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. शपथ मोडलीत, फार उपकार झाले.

काकू म्हणाल्या, "जा एकदाच्या." मुनीमजीला सांगितलं, अडलं तर विचार, नाही अडलं तर विचारू नकोस. आजोबा खोलीतच आहेत, त्यामुळे इथे मला झोपायला जागाही नाही. तिला काही सांगू नका.

मावशी


९ जुलै

मावशी,

तू गेल्यावर घर ओकंबोकं झालंय. छोटी तुझ्या खुर्चीकडे बघून हात हलवते. तिचा बाबा म्हणतो, या वयात दिसत नाही तेवढं. त्याला काय कळतंय.

तुझ्यासमोर आभार मानायला गेले की तू "हो, हो, दूध उतू जाईल" म्हणून उठून जायचीस. आता पळून दाखव. पत्रातून उठता येत नाही.

त्या दिवशी डोळे उघडले तर तू दारात, हातात बॅग. मी म्हटलं, "अगं, लॉज?" तू म्हणालीस, "लॉज जागच्या जागी आहे. सरक जरा." आणि माझ्याशेजारी आडवी झालीस, चपलासुद्धा न काढता. फेब्रुवारीपासून मी एकटी छताकडे बघत होते. त्या दुपारी पहिल्यांदा आपण दोघी बघत होतो. तिथल्या भेगेला तू "तुझ्या काकाचं नाक" म्हणालीस आणि मला पुन्हा कधी त्या छताची भीती वाटली नाही.

तू माझे केस विंचरलेस, सासूबाईंची औषधं वेळेवर दिलीस, आणि रात्री मी "काही होणार नाही ना?" असं विचारलं की "नाही" असं खोटं न सांगता "मी आहे" म्हणालीस. हे सगळं मला आठवतं. रोज संध्याकाळी मुनीमजीचा निरोप यायचा, तू चष्मा लावून मोठ्याने वाचायचीस. "सर्व ठीक. काकूंचा गुडघा बरा. छताचं काम झालं." एकदा आला, "आजोबा पत्नीला घेऊन घरी गेले. खोली बारा रिकामी आहे. ती आपल्यासाठी ठेवू का? दारात एक मायलेक आहेत." तेव्हा छोटी आठ दिवसांची होती, तुझ्या खांद्यावर. तू एका बोटाने "दे" एवढंच टाइप केलंस आणि तिची ढेकर काढत फिरायला लागलीस. मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मला त्या मुनीमजीचे पाय धरावेसे वाटले, पण त्याला पाय नाहीत.

माझ्या कामात आम्ही मालकांना सांगतो, तुमचा इतका इतका वेळ वाचेल. वाचलेल्या वेळाचं काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वाट्याला तो आला.

आता जे लिहायला पत्र घेतलं ते. त्या खोलीत, शेवटी शेवटी, मला काही दिसत नव्हतं, डॉक्टरीणबाई काय सांगताहेत ते कळत नव्हतं. मी ओरडले, "आई गं!" सगळ्याच ओरडतात. नर्स म्हणाली, "हो, हो, थोडंच राहिलंय." आणि माझ्या कानाशी तू "ओ" दिलीस. अगदी साधी, स्वयंपाकघरातून देतात तशी. "ओ, इथेच आहे." मी पुन्हा ओरडले, तू पुन्हा ओ दिलीस. किती वेळा ते मला ठाऊक नाही. पण प्रत्येक हाकेला उत्तर आलं. आई गेल्यापासून ती हाक मी कितीदा मारली असेल, ठेच लागली, बोट भाजलं, ते दोन्ही वेळचं दवाखान्यातलं. कधी कोणाची ओ आली नव्हती.

एवढंच सांगायचं होतं. तुझे आभार मानायला माझ्याकडे याहून मोठा शब्द नाही.

तुझी,
ठकी


१८ जुलै

ठके,

तुझं पत्र काउंटरवर फोडलं नाही. शहाणी झालेय. दार लावून वाचलं.

इकडचं आधी सांगते. मायलेक अजून बारा नंबरात आहेत, मुलीला आता उतार आहे. मी चादरींच्या खोलीतच राहते, खिडकी पाडून घेतली तिला. दुपारचं काउंटर मुनीमजीकडे असतं. तेव्हा मी रस्ता ओलांडून दवाखान्यात जाते आणि ज्याचं कोणी आत असेल त्याच्याजवळ बसते. काही करत नाही, बसते नुसती. लोकांना त्याचं फार वाटतं. मला वाटायचं मी त्यांना खोली देते म्हणजे खूप देते. तुझ्या मुनीमजीचे माझ्यावर उपकार आहेत, आणि तुझे त्याहून मोठे.

मुनीमजीला सांगून ठेवलंय, दर महिन्याला आठ दिवस मी इथे नसणार. त्याने विचारलं, "कारण काय लिहू?" म्हटलं, नात.

आता त्या "ओ"चं. मी ती विचार करून दिली नाही गं. तू हाक मारलीस, मी शेजारी होते, तोंडातून निघून गेली. नंतर घाबरले होते. म्हटलं, हिच्या आईच्या जागी आपण ओ दिली, हिला राग तर येणार नाही? म्हणून तर आभाराची गोष्ट काढलीस की मी दुधाकडे पळायची. मला जन्मात कोणी आई म्हणून हाक मारलेली नाही. तू मारलीस, ती मला नव्हती, हे मला कळतं. पण माझ्या कानांनी ती घेतली. तुझं पत्र वाचलं आणि इतके दिवस चोरून ठेवलेलं काहीतरी तूच माझ्या हातात दिलंस असं वाटलं. आता ते माझं.

पुढच्या वेळी एवढं ओरडू मात्र नकोस. हळू मारलीस तरी मला ऐकू येते.

तुझी मावशी